हरकती पाठवून राज्य पक्षकार होत नाही

टेक्सस आणि न्यू मेक्सिकोमधल्या मराठी मतदारांना आणि मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना,

स. न. वि. वि.

१८ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वापरलेलं अणुइंधन साठवण्याच्या परवान्याच्या प्रकरणात टेक्ससच्या विरोधात निकाल दिला. 'आता देशभरातला अणुकचरा आपल्या दारात' आणि 'कोर्टाने केंद्राला मोकळं रान दिलं' असे दोन अर्थ त्यातून सर्रास काढले जातात. दोन्ही चुकीचे आहेत, आणि त्यांच्यावर विसंबून जो उपाय सुचवला जातो, म्हणजे सह्यांची मोहीम आणि गव्हर्नरना निवेदन, तो नेमका तोच आहे ज्याने टेक्ससचा घात केला. अणुइंधनाची साठवणूक आणि अमेरिकेचा प्रशासकीय कायदा या कामांत असलेले आम्ही काही मराठीजन म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

न्यायालयाने काय ठरवलं ते आधी पाहू. इंटरिम स्टोरेज पार्टनर्स या कंपनीला अँड्र्यूज काउंटीत, न्यू मेक्सिकोच्या सीमेला लागून, अणुभट्ट्यांमधलं वापरलेलं इंधन ठेवायचं आहे. पहिल्या टप्प्यात ५,००० टन, सगळे टप्पे झाले तर ४०,००० टन, मुदत ४० वर्षं. न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन या केंद्रीय संस्थेने (पुढे नुसतं 'आयोग' म्हणू) सप्टेंबर २०२१ मध्ये हा परवाना दिला. टेक्सस पाचव्या सर्किट न्यायालयात (केंद्रीय अपील न्यायालयात) गेलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे जिंकलंही. परवाना रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी फिरवला. पण आयोगाला असा परवाना देण्याचा अधिकार आहे का, या मूळ प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही. आयोगाच्या बाजूने इतिहास आणि जुने निकाल बऱ्यापैकी आहेत असं जाता जाता म्हटलं, पण ठरवलं नाही. ठरवलं ते इतकंच: टेक्सस आयोगासमोरच्या कार्यवाहीत पक्षकार नव्हतं, त्यामुळे त्याला न्यायालयात येता येत नाही.

म्हणजे टेक्ससची बाजू तपासून नाकारली गेलेली नाही. ती कोणी ऐकलीच नाही.

हॉब्स ॲक्ट नावाचा कायदा सांगतो की आयोगाच्या परवान्याच्या आदेशाला ६० दिवसांत आव्हान देता येतं, पण ते देऊ शकतो फक्त त्या आदेशाने बाधित झालेला 'पक्षकार'. पक्षकार व्हायचं तर अणुऊर्जा कायद्याच्या कलम १८९ खाली सुनावणी मागावी लागते आणि आयोगाने तुम्हाला दाखल करून घ्यावं लागतं. टेक्ससने हे केलं नाही. त्याने केलं ते असं: नोव्हेंबर २०२० मध्ये गव्हर्नर ॲबट यांनी आयोगाच्या पर्यावरण अहवालाच्या मसुद्यावर विरोधाचं पत्र पाठवलं आणि राज्याच्या पर्यावरण खात्यानेही अभिप्राय दिला.

आपण महाराष्ट्रात विकास आराखड्यावर 'हरकती व सूचना' पाठवतो, मग सुनावणीचं बोलावणं येतं, तिथे म्हणणं मांडतो. त्या सवयीने इथेही वाटतं की हरकत नोंदवली म्हणजे आपण प्रकरणात आलो. इथे तसं नाही. हरकत पर्यावरण अहवालाच्या परिशिष्टात छापली जाते, तिला दोन ओळींचं उत्तर मिळतं आणि तिचं काम तिथे संपतं.

खरी मेख तारखांमध्ये आहे. सुनावणी मागण्याची सूचना फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे केंद्राच्या राजपत्रात, ऑगस्ट २०१८ अखेर निघाली. ६० दिवसांची मुदत थोडी वाढवून नोव्हेंबर २०१८ च्या मध्याला संपली. पर्यावरण अहवालाचा मसुदा आला मे २०२० मध्ये, म्हणजे दार बंद होऊन दीड वर्ष झाल्यावर. वर्तमानपत्रांत बातम्या येतात त्या मसुद्याच्या, जाहीर सभा होतात त्या मसुद्यावर, निवेदनं निघतात ती मसुद्याच्या विरोधात. लोक जागे होतात तोवर पक्षकार होण्याची वेळ टळलेली असते. आणि आयोगाचा नियम इथे सवलत देत नाही: पर्यावरणाबद्दलचे आक्षेपसुद्धा अर्जदाराने स्वतः जोडलेल्या पर्यावरण अहवालावर, त्याच पहिल्या मुदतीत घ्यायचे असतात. आयोगाच्या मसुद्याची वाट पाहत बसलात तर उशीर झालाच म्हणून समजा.

२०१८ मध्ये टेक्सस गप्प का बसलं, याचं उत्तर कायद्यात नाही, राजकारणात आहे. २०१४ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी यांनीच विधिमंडळाच्या नेत्यांना पत्र लिहून असा कचरा राज्यात ठेवण्याचा पर्याय शोधायला सांगितलं होतं. वारा फिरला तो नंतर. आमचं मत विचाराल तर राज्याची भूमिका बदलणं यात काही गैर नाही, पण मुदती भूमिकेसाठी थांबत नाहीत. भूमिका ठरलेली नसतानाही पक्षकार होऊन ठेवता येतं आणि पुढे आक्षेप मागे घेता येतात. उलट दिशेने जाता येत नाही.

टेक्ससने शेवटी एक आडवाट धरली: आयोगाने अधिकारच ओलांडला आहे, तेव्हा पक्षकार असण्या-नसण्याचा प्रश्नच येत नाही. निकाल लिहिणारे न्या. कॅव्हनॉ यांनी या वाटेला अमेरिकन फुटबॉलमधल्या शेवटच्या क्षणी डोळे मिटून लांब फेकलेल्या चेंडूची उपमा दिली. ती क्वचितच साधते. जमीनमालक कंपनी फास्केनची गोष्ट जरा वेगळी होती. तिने हस्तक्षेपाचा, म्हणजे पक्षकार करून घ्या असा, अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला. अशा अर्जदाराला फक्त 'मला आत का घेतलं नाही' एवढ्याच मुद्द्यावर न्यायालयात जाता येतं. फास्केन त्यावर वॉशिंग्टनच्या सर्किट न्यायालयात गेली आणि हरली.

आता हस्तक्षेपाचा अर्ज कसा असतो ते सांगतो, कारण तुमच्या आमदाराला नेमकं हेच विचारायचं आहे.

त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग, तुमचा या प्रकरणाशी संबंध काय. अणुभट्टी राज्याच्या हद्दीत असेल तर राज्याला हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. नियमात तशी सूट आहे. पण ती सूट अणुभट्टी आणि इंधनावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांच्या व्याख्येपुरती आहे, आणि नुसतं साठवण केंद्र त्या व्याख्येत बसत नाही. व्यवहारात परवाना मंडळं (आयोगाच्या वतीने असे अर्ज ऐकणारी मंडळं) राज्याला या कारणावरून सहसा अडवत नाहीत, तरी अर्जात दोन परिच्छेद घालून ठेवावेत: राज्याच्या मालकीचे रस्ते, जमीन, आपत्कालीन यंत्रणेवर पडणारा खर्च. 'आमच्या नागरिकांच्या वतीने' एवढ्यावर मात्र भिस्त ठेवू नये. केंद्राविरुद्ध राज्य आपल्या नागरिकांचं पालक म्हणून उभं राहू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्येच मॅसॅच्युसेट्सला ऐकवलं आहे. राज्याचं स्वतःचं नुकसान दाखवावं लागतं.

दुसरा भाग म्हणजे आक्षेपाचे मुद्दे, आणि बहुतेक अर्ज इथेच आपटतात. नियम प्रत्येक मुद्द्याकडून सहा गोष्टी मागतो: नेमकं विधान, त्याचा थोडक्यात आधार, तो या कार्यवाहीच्या कक्षेत असणं, निकालावर परिणाम करणारा असणं, तथ्यं किंवा तज्ज्ञाचं मत, आणि अर्जातल्या नेमक्या कुठल्या भागाशी वाद आहे ते. एक जरी नसली तरी मुद्दा बाद. किमान एक मुद्दा टिकला तर तुम्ही पक्षकार. एकही नाही टिकला तर बाहेर.

नमुना घ्या. 'पर्मियन बेसिन हे देशाचं मोठं तेलक्षेत्र आहे, तिथे अणुकचरा ठेवणं धोक्याचं आहे' हे वाक्य सभेत टाळ्या घेईल आणि मंडळासमोर एका परिच्छेदात निकालात निघेल. त्याऐवजी असं लिहायचं: 'सुरक्षा विश्लेषण अहवालाच्या अमुक विभागात, अमुक पानावर, भूकंपाचा धोका काढताना अमुक सालापर्यंतच्याच नोंदी धरल्या आहेत. त्यानंतर पश्चिम टेक्ससमध्ये मार्च २०२० आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५ किंवा त्याहून थोड्या अधिक तीव्रतेचे धक्के बसले. तेलविहिरींचं खारं पाणी जमिनीत खोल जिरवल्याने या भागात असे धक्के वाढले आहेत, आणि अहवालाच्या गणितात हे कारण धरलेलं नाही. ते धरलं तर साठवण तळाच्या फरशीवर येणारा भार किती बदलतो हे सोबतच्या तज्ज्ञाच्या शपथपत्रात दिलं आहे.' अर्जदार लगेच अंतराचा मुद्दा काढेल, धक्क्याचं केंद्र जागेपासून बरंच लांब आहे म्हणेल. म्हणू द्या. वाद खरा आहे एवढंच दाखल होण्यासाठी लागतं; जिंकणं ही पुढची गोष्ट. शपथपत्राशिवाय मात्र हा मुद्दाही वाऱ्यावर जाईल.

'आयोगाला अधिकारच नाही' हा निव्वळ कायद्याचा मुद्दासुद्धा आक्षेप म्हणून घालता येतो. आयोग तो फेटाळणार हे उघड आहे, पण त्याच्यावर न्यायालयात जाण्याचा रस्ता त्यातून मिळतो. टेक्ससच्या खटल्यातला मुख्य मुद्दा हाच होता. तो २०१८ मध्ये वेळेत घातला असता, तर आयोगाने आत घेतलं नसतं तरी तोच नकार ६० दिवसांत न्यायालयात नेता आला असता.

उशिरा मुद्दा घालण्याची सोय आहे, पण अरुंद. माहिती आधी उपलब्ध नव्हती, ती आधीच्या माहितीपेक्षा खरोखर वेगळी आहे, आणि ती हाती आल्यावर तुम्ही तत्परतेने आलात, असं तिन्ही दाखवावं लागतं. तत्परता म्हणजे साधारण महिना, फार तर दोन. 'नवं सरकार आलं' हे कारण चालत नाही.

आणखी एक कलम आहे ज्याच्यावर राज्यांचे वकील कधी कधी फसून विसंबतात. आक्षेप न घेताही 'हितसंबंधी राज्य' म्हणून सुनावणीत भाग घेता येतो, पुरावा देता येतो. ऐकायला छान. पण त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी आक्षेपावर सुनावणी चालू असावी लागते. अँड्र्यूजच्या प्रकरणात सिएरा क्लब या पर्यावरण संघटनेचा एकच मुद्दा दाखल झाला आणि तोही पुढे निकाली निघाला. प्रत्यक्ष सुनावणी झालीच नाही. दुसऱ्याच्या मांडवात बसायचं ठरवलं आणि मांडवच उठला, तर तक्रार करायला जागा उरत नाही.

काम नीट केलं की काय होतं याचं उदाहरण युटाचं आहे. १९९७ मध्ये प्रायव्हेट फ्युएल स्टोरेज या कंपनीने स्कल व्हॅलीत, गोशूट जमातीच्या राखीव जमिनीवर, ४,००० पिंपांत ४०,००० टन इंधन ठेवण्याचा अर्ज केला. युटा पहिल्या दिवसापासून पक्षकार होतं. त्याच्या मुद्द्यांपैकी एक होता विमानांचा: हिल हवाई तळावरची एफ-१६ विमानं त्याच दरीवरून सराव क्षेत्राकडे जातात, त्यातलं एखादं पिंपांवर कोसळलं तर? गणित काढलं गेलं. आयोगाची मर्यादा वर्षाला १० लाखांत एक अपघात अशी होती; मार्च २००३ मध्ये परवाना मंडळाने शक्यता त्याच्या चौपटीहून जास्त असल्याचं मान्य करून प्रकल्प अडवला. पुढे कंपनीने पिंप आघात सोसेल हे दाखवलं, २००५ मध्ये मंडळाने दोन विरुद्ध एक मताने तिची बाजू घेतली आणि २००६ मध्ये परवाना मिळाला. युटा कागदावर हरलं. पण एवढी वर्षं गेली तोवर काँग्रेसने सीडर माउंटन्स भाग अभयारण्य जाहीर करून रेल्वेफाट्याची वाट बंद केली, गृहखात्याने (अमेरिकेतलं हे खातं जमिनींचा कारभार पाहतं) भाडेपट्टा नाकारला आणि २०१२ अखेर कंपनीने नाद सोडला. त्याच काळात युटाने केलेले राज्याचे कायदे मात्र दहाव्या सर्किटने २००४ मध्ये रद्द ठरवले, कारण किरणोत्सर्गाच्या सुरक्षेचा विषय पूर्णपणे केंद्राचा आहे.

नेवाडाचं प्रकरण तुमच्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही, आणि इथे बराच गोंधळ होतो. तिथलं यक्का माउंटन हे अणुकचऱ्याचं नियोजित कायमस्वरूपी भांडार. त्याला १९८२ चा अणुकचरा धोरण कायदा लागू आहे आणि त्यात राज्याला स्वतंत्र हत्यार दिलं आहे: राष्ट्राध्यक्षांच्या शिफारशीनंतर ६० दिवसांत गव्हर्नर नापसंती कळवू शकतात, मग काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी ती मोडून काढावी लागते. नेवाडाचे तेव्हाचे गव्हर्नर केनी ग्विन यांनी ८ एप्रिल २००२ रोजी ती कळवली आणि जुलैपर्यंत काँग्रेसने मोडलीही. तरी नेवाडाने सोडलं नाही. २००४ मध्ये त्याने सर्किट न्यायालयाकडून १०,००० वर्षांची सुरक्षा मर्यादा अपुरी ठरवून घेतली, आणि डिसेंबर २००८ मध्ये परवान्याच्या अर्जावर २०० हून अधिक मुद्दे घातले. ते बहुतेक दाखल झाले. पण खासगी कंपनीच्या तात्पुरत्या साठवणीला गव्हर्नरची नापसंती कळवण्याची ही सोय नाही. त्यामुळे 'ॲबट साहेबांनी व्हेटो वापरावा' असं निवेदन लिहिणाऱ्यांनी कागद वाचवावा.

नुकसान 'होऊ शकेल' एवढ्यावर न्यायालय राज्याला उभं करत नाही, हे दक्षिण कॅरोलिनाने अनुभवलं. प्लुटोनियमपासून इंधन करण्याचा कारखाना केंद्राने गुंडाळला. आता सव्हाना नदीकाठचा साठा कायमचा आमच्या माथी बसेल, असं राज्याचं म्हणणं होतं. चौथ्या सर्किटने २०१९ च्या सुरुवातीला सांगितलं की यात 'जर-तर' फार आहेत, दावा चालणार नाही. पण त्याच राज्याने आधी कायद्यात एक कलम घालून घेतलं होतं: ठरल्या तारखेपर्यंत प्लुटोनियम हललं नाही तर दिवसाला १० लाख डॉलर, वर्षाला कमाल १० कोटी. त्या कलमावर २०२० मध्ये ६० कोटी डॉलरची तडजोड झाली. भीतीवर काही मिळालं नाही, लिहून घेतलेल्या रकमेवर मिळालं.

न्यू मेक्सिकोवाल्यांकडे तर आणखी भक्कम गोष्ट आहे. कार्ल्सबॅडजवळच्या मिठाच्या थरातल्या भांडारात लष्करी कार्यक्रमातला कचरा जातो, आणि त्याच्या घातक रसायनांच्या भागावर राज्याचा पर्यावरण विभाग स्वतः परवाना देतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथे एक पिंप फुटलं. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत कचरा भरताना नायट्रेट क्षारांत चिकणमातीच्या मांजर-वाळूऐवजी (मांजरांच्या शौचपेटीत घालतात ती) सेंद्रिय मांजर-वाळू मिसळली गेली होती, आणि त्यातून उष्णता वाढत गेली. भांडार जवळपास तीन वर्षं बंद राहिलं आणि केंद्राने राज्याशी सुमारे ७.४ कोटी डॉलरची तडजोड केली. राज्याला हक्क आहे का, हा प्रश्न तिथे कोणी काढला नाही. परवाना राज्याचाच होता.

ली काउंटीतल्या होल्टेक कंपनीच्या इंधन साठवण प्रकल्पात मात्र न्यू मेक्सिकोची गत टेक्सससारखीच झाली. दहाव्या सर्किटने फेब्रुवारी २०२३ मध्ये याच कारणावर त्याची याचिका फेटाळली. मार्चमध्ये राज्याने संमतीशिवाय साठवणीला बंदी करणारा कायदा केला, मे महिन्यात आयोगाने तरीही परवाना दिला, आणि २०२५ मध्ये होल्टेकने तिथला प्रकल्प सोडला. असा कायदा न्यायालयात टिकेलच याची खात्री नाही. युटाचा टिकला नाही. पण राज्य पाणी, रस्ते, इतर परवाने देणार नाही असं दिसलं की कंपनीचे गुंतवणूकदार आपलं गणित स्वतः करतात. टेक्ससनेही सप्टेंबर २०२१ मध्ये, परवान्याच्या चारच दिवस आधी, असाच कायदा केला. आपल्या दोन अणुवीज केंद्रांमधला, डॅलसकरांच्या जवळचा कोमॅन्ची पीक आणि ह्यूस्टनकरांच्या जवळचा बे सिटीचा साठा, त्यातून वगळला आहे. तो साठा आज तिथेच आहे हे सभेत बोलताना विसरू नये. नाहीतर समोरचा पहिला प्रश्न तोच विचारतो.

तेव्हा मंडळाच्या बैठकीत सह्यांचा कागद फिरवण्याऐवजी तुमच्या विधिमंडळ सदस्याची वेळ मागा आणि लेखी उत्तर मिळेल अशा बेताने हे विचारा: आयोगाच्या सुनावणीच्या सूचना फेडरल रजिस्टरमध्ये कोण पाहतं, ॲटर्नी जनरलचं कार्यालय की पर्यावरण खातं, आणि त्या माणसाचं नाव आणि हुद्दा काय? ६० दिवसांत भूकंप, भूजल आणि रेल्वे वाहतुकीच्या तज्ज्ञांची शपथपत्रं मिळवायला अर्थसंकल्पात तरतूद आहे का, की प्रत्येक वेळी नव्याने मंजुरी घ्यावी लागते? अर्जदार कंपनीने स्वतःचा पर्यावरण अहवाल जोडला की तो कोणाच्या टेबलावर जातो? हस्तक्षेप नाकारला गेला तर आयोगाकडे अपील करायला २५ दिवस असतात, ते कोण करणार? आणि सगळ्यात साधा प्रश्न: आयोगाकडे कागद फक्त ऑनलाइन दाखल होतात, त्यासाठी डिजिटल प्रमाणपत्र लागतं आणि ते मुदतीच्या किमान १० दिवस आधी मागावं असं प्रत्येक सूचनेत छापलेलं असतं. राज्याच्या वकिलांपैकी कोणाकडे ते आज चालू स्थितीत आहे?

कळावे, लोभ असावा.

आपले,
अणुइंधन साठवणूक आणि प्रशासकीय कायदा या क्षेत्रांत काम करणारे काही मराठीजन